पान १६३ फाडून पाठवा

सप्टेंबर २००६ मध्ये रँडम हाउस या अमेरिकन प्रकाशनसंस्थेनं आपल्या वाचकांशी एक तडजोड मान्य केली. जेम्स फ्रे या लेखकाचं ‘अ मिलियन लिटल पीसेस’ हे पुस्तक ज्यांनी २६ जानेवारी २००६ पर्यंत विकत घेतलं होतं, त्यांना पैसे परत मिळणार होते. पुठ्ठाबांधणीच्या प्रतीचे २३.९५ डॉलर, पेपरबॅकचे १४.९५. त्यासाठी पुठ्ठाबांधणीच्या प्रतीतलं पान क्रमांक १६३ फाडून पाठवायचं, पेपरबॅक असेल तर पुढचं मुखपृष्ठ. सोबत शपथेवर लिहून द्यायचं, की यातला मजकूर पूर्ण खरा नाही हे आधी ठाऊक असतं तर मी हे पुस्तक घेतलंच नसतं.

प्रकाशक आणि वाचक यांच्या नात्याविषयी बोलायला लागलं की सगळेच थोडे हळवे होतात. विश्वास, संस्कृती, पिढ्यान्‌पिढ्यांचं ऋण वगैरे. हे नातं कागदावर नेमकं किती आहे ते बघायचं असेल, तर मला या प्रकरणाइतकी उघडी जागा दुसरी दिसत नाही. इथे त्या नात्याचा हिशेब डॉलर आणि सेंटमध्ये मांडून न्यायाधीशापुढे ठेवावा लागला.

पुस्तक व्यसनमुक्तीचं. तेवीस वर्षांचा तरुण दारू आणि क्रॅक कोकेनच्या आहारी गेलेला. विमानात शुद्धीवर येतो तेव्हा पुढचे चार दात गायब, गालाला भोक. तिथून मिनेसोटातलं व्यसनमुक्ती केंद्र आणि मग बरं होण्याची जीवघेणी झटापट. बधिर करण्याचं औषध न देता केलेल्या रूट कॅनालचं वर्णन तर वाचकांच्या डोक्यात रुतूनच बसलं. एप्रिल २००३ मध्ये रँडम हाउसच्या डबलडे या शाखेनं, संपादक नॅन टलीझ यांच्या नावानं चालणाऱ्या इम्प्रिंटखाली (संस्थेतल्या स्वतंत्र नाममुद्रेखाली), ते काढलं. वर्गवारी आत्मकथनाची.

सप्टेंबर २००५ मध्ये टीव्हीवरची लोकप्रिय सूत्रसंचालक ओप्रा विन्फ्रीनं ते आपल्या बुक क्लबसाठी निवडलं आणि खप कुठल्या कुठे गेला. त्या वर्षी अमेरिकेत हॅरी पॉटरचा नवा भाग वगळता याच्याइतकं दुसरं पुस्तक विकलं गेलं नाही. पेपरबॅकचं मुखपृष्ठ एव्हाना सगळ्यांच्या ओळखीचं झालं होतं : निळसर पार्श्वभूमीवर एक पंजा, त्याला रंगीबेरंगी साखरेचे दाणे चिकटलेले.

पुढे जे झालं त्याची सुरुवात अगदी किरकोळ होती. पोलिसांचे आणि कोर्टाचे कागद उकरून काढणाऱ्या ‘द स्मोकिंग गन’ या वेबसाइटकडे नामवंतांच्या पोलीस ठाण्यातल्या फोटोंचा संग्रह होता. त्यात फ्रेचाही फोटो असावा म्हणून ते शोधायला गेले. पुस्तकात तुरुंगाच्या इतक्या वाऱ्या केलेल्या माणसाचा फोटो सहज मिळायला हवा. तो मिळेना. मग सहा आठवडे खणल्यावर ८ जानेवारी २००६ ला त्यांनी जे छापलं, ते प्रकाशकालाही आधी तपासता आलं असतं. ओहायोतल्या ज्या अटकेपायी आपण ८७ दिवस गजाआड काढले असं फ्रे लिहितो, तिथे तो प्रत्यक्षात काही तासच ठाण्यात होता. गाडीनं पोलिसाला ठोकर, मग झटापट, गंभीर कलमं, यातलं काहीही नोंदींमध्ये नव्हतं. आणखी एक गोष्ट मला जास्त बोचते. शाळेतल्या वयात एका मुलीचा रेल्वे अपघातात झालेला मृत्यू खरा होता. फ्रेनं त्या घटनेत स्वतःला आणून बसवलं होतं. त्या अपघाताशी फ्रेचा संबंध नव्हता, असं तिच्या घरच्यांचं म्हणणं.

आता प्रकाशकाकडे बघू. अठरा दिवसांत त्याच्या भूमिका बदलत गेल्या, आणि अभ्यासाला खरा माल तिथेच आहे.

पहिली भूमिका अशी : आत्मकथन ही लेखकाची खासगी गोष्ट, ती तो त्याच्या पद्धतीनं सांगणार, आणि आरोप काहीही असोत, लाखो वाचकांना या पुस्तकानं उभारी दिली आहे. यात वाचकाचा उल्लेख आहे, पण ढालीसारखा. तुम्हाला आवडलं ना, मग झालं तर. त्याच दिवसांत प्रकाशक पैसे परत करतोय अशी बातमी पसरली. खुलासा आला, की प्रकाशकाकडून थेट घेतलेली प्रत परत करता येते हा नेहमीचाच नियम आहे, या पुस्तकासाठी काही वेगळं नाही. दुकानातून घेतलेल्यांनी दुकानदाराला विचारावं.

हा खुलासा वरवर कोरडा वाटतो, पण धंद्याची रचना त्यात पुरती उघडी पडते. अमेरिकेत १९३० च्या दशकातल्या मंदीपासून विक्रेत्याला न विकलेल्या प्रती प्रकाशकाला परत करता येतात. म्हणजे प्रकाशकाचा खरा गिऱ्हाईक विक्रेता. त्याचं खातं आहे, त्याला उधारी आहे, माल नाही खपला तर परत पाठवायची मुभा आहे. वाचकाचं नाव कुठल्याच वहीत नाही. ज्याच्यासाठी पुस्तक काढलं असं सगळे म्हणतात, त्याच्याशी प्रकाशकाचा थेट व्यवहार सहसा होतच नाही.

११ जानेवारीला फ्रे टीव्ही मुलाखतकार लॅरी किंगच्या कार्यक्रमात आला. तिथे त्यानं सांगितलं, की हे पुस्तक सुरुवातीला कादंबरी म्हणून प्रकाशकांना दाखवलं होतं आणि बऱ्याच जणांनी नाकारलं. टलीझ यांनी घेतल्यावर कुठल्या नावाखाली काढायचं यावर चर्चा झाली आणि आत्मकथन ठरलं. टलीझ यांनी नंतर हे साफ नाकारलं; आपल्याकडे ते आत्मकथन म्हणूनच आलं होतं असं त्या म्हणाल्या. दोघांपैकी खरं कोणाचं, यात मी पडत नाही. प्रश्न वेगळाच आहे. कादंबरी म्हणून न विकली जाणारी तीच पानं आत्मकथन म्हणून लाखांनी खपत असतील, तर वाचक पैसे कशाचे मोजत होता? वाक्यांचे नक्कीच नाही. ‘हे घडलं आहे’ या हमीचे मोजत होता. आणि ही हमी पुस्तकात कुठेही लेखकाच्या सहीनिशी छापलेली नसते. ती मुखपृष्ठावर, मलपृष्ठावर आणि दुकानातल्या फळीवर असते, म्हणजे प्रकाशकाच्या हद्दीत.

त्याच कार्यक्रमात ओप्रानं फोन करून फ्रेची बाजू घेतली. पुस्तकाचा गाभा अजून आपल्याला भिडतो असं तिचं म्हणणं. तिच्या स्वतःच्या वाचकांनीच तिला धारेवर धरलं आणि २६ जानेवारीला तिनं फ्रे आणि टलीझ दोघांनाही आपल्या मंचावर बसवलं. आपली फसवणूक झाली आणि लाखो वाचकांचाही विश्वासघात झाला, असं तिनं फ्रेला तोंडावर सुनावलं. त्याची उलटतपासणी लोकांच्या लक्षात राहिली. मला टलीझ यांची महत्त्वाची वाटते. पुस्तक निवडण्याच्या सुमारास शंका आल्या तेव्हा ओप्राच्या माणसांनी प्रकाशकाला विचारलं होतं आणि पुस्तक खरं आहे असं ठाम उत्तर मिळालं होतं. मग तुम्ही ते तपासलं तरी कसं, असा तिचा सवाल. टलीझ म्हणाल्या, हस्तलिखित मी आत्मकथन म्हणून वाचलं, या माणसानं भोगलेल्या नरकाची ही त्याची आठवण आहे असं मानलं आणि विश्वास ठेवला. ‘तुम्ही खरंच इतके वाईट होता का’ असं लेखकाला कोण विचारतं, असा त्यांचा सूर होता. विचारायला हवंच होतं, असं ओप्रानं तिथल्या तिथे ठणकावलं.

टलीझ यांची बाजू इथे नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर प्रकरण अभ्यासाऐवजी नुसती हजेरी होते. पुस्तकाच्या प्रकाशनात मासिकांसारखा तथ्यपडताळणी विभाग नसतो. करारात लेखक लिहून देतो की मजकूर त्याचा आहे, कोणाची बदनामी होत नाही, आणि उद्या खटला आला तर जबाबदारी त्याची. त्यानंतर वकील हस्तलिखित वाचतो. वकील काय शोधतो? पुस्तकात कोणाचं नाव आलंय, तो माणूस जिवंत आहे का, ओळखू येतो का, दावा लावू शकतो का. म्हणजे पुस्तकातली माणसं दुखावू नयेत याची काळजी घेणारा पगारी वाचक प्रकाशकाकडे असतो. पुस्तक विकत घेणारा फसू नये यासाठी मात्र कोणी वाचत नाही. फ्रेनं बहुतांश खोटं स्वतःविषयी लिहिलं होतं आणि स्वतःची बदनामी केल्याबद्दल कोणी स्वतःवर खटला भरत नाही. वकिलाच्या चाळणीतून ते अलगद खाली उतरलं यात नवल नाही.

२६ जानेवारीलाच डबलडेनं निवेदन काढलं. जे छापतो त्याची जबाबदारी आमच्यावर आहे, झालेल्या ‘अनवधानाच्या गोंधळाबद्दल’ वाचकांची माफी, आणि प्रकाशकाची व लेखकाची टीप जोडल्याशिवाय नवी छपाई नाही. अठरा दिवसांपूर्वी जी लेखकाची खासगी आठवण होती, तिची जबाबदारी आता प्रकाशकानं घेतली होती. नवा पुरावा या अठरा दिवसांत फारसा आला नव्हता. ओप्रा उलटली, एवढाच फरक पडला.

एव्हाना निरनिराळ्या राज्यांत वाचकांनी दावे दाखल केले होते. एका दाव्यात तर पुस्तक वाचण्यात गेलेल्या वेळेचीही भरपाई मागितली होती. (ही मागणी मान्य झाली असती तर समीक्षकांची चांदी होती.) हे सगळे दावे पुढे न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात एकत्र झाले.

कायद्याच्या दृष्टीनं वाचकांची बाजू लंगडी होती. अमेरिकन न्यायालयं पुस्तकातल्या मजकुरासाठी प्रकाशकाला सहसा धरत नाहीत. याचं टोकाचं उदाहरण १९९१ चं. रानातल्या अळंब्यांवरचा एक ज्ञानकोश बघून दोघांनी अळंब्या गोळा केल्या, शिजवून खाल्ल्या आणि इतके आजारी पडले की दोघांचंही यकृत बदलावं लागलं. त्यांनी पटनम या प्रकाशनसंस्थेवर दावा लावला. अपील कोर्टानं सांगितलं, पुस्तकातल्या माहितीची खातरजमा करण्याचं कायदेशीर कर्तव्य प्रकाशकावर नाही. असं कर्तव्य लादलं तर कोणी काही छापायलाच धजावणार नाही, ही त्यामागची भीती, आणि ती खोटी म्हणता येत नाही. यकृत गेलेल्यांना जिथे काही मिळालं नाही, तिथे फ्रेच्या वाचकांना मन दुखावल्याबद्दल काय मिळणार?

पण एक खिंडार होतं. बियर्ड्सटाउन या इलिनॉयमधल्या गावातल्या काही बायकांच्या गुंतवणूक मंडळाचं पुस्तक १९९० च्या दशकात धडाक्यानं खपलं. वर्षाला २३.४ टक्के परतावा मिळवला, असं मुखपृष्ठावर झळकत होतं. हिशेबतपासनिसांनी आकडे पाहिले तर परतावा ९.१ टक्के निघाला. सभासदांनी दरमहा भरलेली वर्गणीही नफ्यात धरली गेली होती. कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टानं १९९९ मध्ये म्हटलं, की आतला मजकूर हे अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य असेल, पण तोच दावा मुखपृष्ठावर आणि जाहिरातीत छापला की तो माल विकण्यासाठी केलेला दावा होतो, आणि मालविक्रीतल्या खोटेपणाचे नियम त्याला लागू होतात. न्यूयॉर्कमधल्या कोर्टानं याच पुस्तकाबाबत उलट निकाल दिला, हेही सांगायला हवं. प्रश्न तेव्हाही मिटला नव्हता आणि अजूनही पुरता मिटलेला नाही.

मला स्वतःला कॅलिफोर्नियाची बाजू पटते. लेखक आत काय लिहितो यासाठी प्रकाशकाला फासावर चढवू नये. त्यानं धाडसी पुस्तकं काढणं बंद केलं तर नुकसान वाचकाचंच आहे. पण पुस्तकाच्या बाहेरच्या बाजूवर जे छापलं जातं ते प्रकाशकाचं स्वतःचं लेखन आहे. मलपृष्ठावरचा मजकूर संपादक किंवा विपणन विभाग लिहितो, वर्गवारी विक्री विभाग ठरवतो. पैसे देण्याआधी वाचकाला तेवढंच वाचायला मिळतं. तिथे ‘लेखक म्हणाला म्हणून’ ही सबब चालू नये.

रँडम हाउसनं हा मुद्दा निकालापर्यंत जाऊच दिला नाही. चूक मान्य न करता तडजोड. कमाल मर्यादा २३.५ लाख डॉलर. त्यातच परतावा, वकिलांचं शुल्क, जाहिरातींचा खर्च आणि काही धर्मादाय संस्थांना देणगी. मागणी करायची मुदत १ ऑक्टोबर २००७ पर्यंत. नोव्हेंबर २००७ मध्ये न्यायाधीश रिचर्ड हॉलवेल यांनी ती मंजूर केली तेव्हा आकडा बाहेर आला. तोवर पुस्तकाच्या ३५ लाखांवर प्रती खपल्या होत्या. पैसे परत मागणारे वाचक : १,७२९. एकूण परतावा २७,३४८ डॉलर. दोन हजार प्रतींमागे जेमतेम एक माणूस, आणि त्याच्या हातात सरासरी सोळा डॉलरसुद्धा पडले नाहीत.

प्रकाशकाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी याचा अर्थ सरळ लावला : वाचकांची तक्रारच नव्हती. हा अर्थ मला पटत नाही, निदान पुरता नाही. काहींना खरंच फसल्यासारखं वाटलं नसेल. व्यसनातून बाहेर पडताना ज्यांना हे पुस्तक आधाराला धावून आलं, त्यांना ८७ दिवस की काही तास याचं काय पडलंय? काहींनी प्रत वाचून दुसऱ्याला दिली असणार. ग्रंथालयातून वाचणारे तर मोजणीतच नव्हते. त्यांनी पैसे दिले नव्हते, म्हणजे या व्यवहारापुरते ते वाचकच नव्हते. पण मागणीची रीत बघा. न विकलेल्या स्वस्त पेपरबॅकचं मुखपृष्ठ फाडून प्रकाशकाला पाठवायचं आणि उरलेलं पुस्तक लगद्यात घालायचं, ही अमेरिकेतल्या पुस्तकविक्रीत विक्रेत्यांसाठीची जुनीच पद्धत. वाचकालाही तीच लावली. विक्रेत्यासाठी ती प्रत म्हणजे पडून राहिलेला माल. वाचकासाठी ती आपली प्रत, कदाचित खाली रेघा मारलेली, समासात काहीबाही लिहिलेली. पंधरा डॉलरसाठी ती फाडा, वर शपथ घ्या की खरं ठाऊक असतं तर हे घेतलंच नसतं. फसवणूक झाली असं मनापासून वाटणाऱ्यालाही ही शपथ घेणं जड जावं, कारण वाचताना जे वाटलं ते तर खोटं नव्हतं. अशी शपथ आणि असं फाटकं पान मागायची कल्पना ज्यांना सुचली, त्यांनी वाचकाला ओळखलं नव्हतं, किंवा फार चांगलं ओळखलं होतं.

फ्रे त्यातून उठला. २००८ मध्ये दुसऱ्या प्रकाशकानं त्याची कादंबरी काढली, कादंबरी म्हणूनच, आणि तिच्या सुरुवातीला छापलं होतं की या पुस्तकातली कुठलीही गोष्ट अचूक किंवा विश्वसनीय मानू नये. २००९ मध्ये ओप्रानं त्याची माफीही मागितली. त्या दिवशी आपण फार कठोर वागलो, असं तिला वाटू लागलं होतं.

वाचकांच्या हाती पुढच्या खटल्यांतही काही लागलं नाही. ग्रेग मॉर्टेन्सन यांच्या ‘थ्री कप्स ऑफ टी’ या आत्मकथनातल्या प्रसंगांवर २०११ मध्ये आरोप झाले तेव्हा वाचकांनी लेखक आणि प्रकाशक दोघांवर दावा लावला. मोंटाना राज्यातल्या फेडरल न्यायाधीशांनी २०१२ मध्ये तो फेटाळला. रँडम हाउसनं तडजोड केली म्हणून वाचकाला हक्क मिळाला होता असं कोणाला वाटत असेल, तर ते तिथेच संपलं. तडजोड ही त्या एका प्रकाशकानं त्या एका वेळी नाव सावरण्यासाठी मोजलेली किंमत होती.

कोर्टाबाहेर मात्र काही बदलल्याचं एक उदाहरण आहे. फ्रेचं प्रकरण पेटल्यावर रिव्हरहेड या प्रकाशनसंस्थेनं त्याच्याशी केलेला दोन पुस्तकांचा करार मोडला होता. दोनच वर्षांनी, मार्च २००८ मध्ये, तिचीच पाळी आली. लॉस एंजलिसच्या टोळ्यांमध्ये वाढलेल्या, अनाथासारख्या दुसऱ्यांच्या घरी राहिलेल्या एका तरुणीचं आत्मकथन तिनं काढलं. वृत्तपत्रात लेखिकेवर सविस्तर लेख आला, फोटोसकट. तो तिच्या सख्ख्या बहिणीनं पाहिला आणि प्रकाशकाला फोन केला : ही सधन घरात, आपल्या आईवडिलांजवळ वाढलेली आहे. रिव्हरहेडनं ‘खासगी आठवण’ वगैरे काही म्हटलं नाही. प्रचारदौरा रद्द, बाजारात गेलेल्या १९,००० प्रती परत, घेतलेल्यांना पैसे परत. पान फाडायचं नाही, शपथ नाही. प्रती हजारांत असताना हे जमतं, पस्तीस लाखांवर जमेल का, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याच संस्थेनं तीन वर्षं त्या हस्तलिखितावर काम केलं होतं, आणि त्या तीन वर्षांत लेखिकेच्या घरी एकदा फोन करावा असं तिथे कोणालाही वाटलं नव्हतं.